सावलीची साक्ष

अमरावती जिल्ह्यात धामणगाव आणि पुलगाव यांच्या मध्ये तळणी नावाचे एक लहानसे रेल्वेस्थानक आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी या तळणीला जगातल्या काही उत्तम छायाचित्रकारांची एक विलक्षण परीक्षा झाली. परीक्षेचा वेळ होता सुमारे दोन मिनिटे. त्या दिवशी दुपारी खग्रास सूर्यग्रहण लागले आणि त्याचा पट्टा कोकणातून निघून महाराष्ट्र ओलांडत वऱ्हाडातून पुढे गेला. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर यांनी तळ ठोकला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आले होते. पुलगावला नेवॉल आणि हिल्स होते. तळणीला ब्रिटिश खगोल संघटनेची तुकडी उतरली होती. तीत ग्रिनिच वेधशाळेचे माँडर, त्यांच्या पत्नी ॲनी माँडर, आणि पुढे कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झालेले एव्हरशेड होते.

दोन मिनिटांत सूर्याचा किरीट, म्हणजे त्याच्या भोवतीचे मोतिया तेजोवलय, काचेच्या प्लेटीवर उतरवायचे. चूक झाली तर पुन्हा संधी नाही. म्हणूनच अशा मोहिमांत आधी कित्येक दिवस तालीम चालत असे. एकाने मोठ्याने सेकंद मोजायचे, दुसऱ्याने झाकण काढायचे, तिसऱ्याने प्लेट बदलायची. खऱ्या ग्रहणाच्या वेळी आकाशाकडे मान वर करून पाहण्याची सवड ज्यांना मिळाली नाही, असे निरीक्षकही पुष्कळ होऊन गेले.

या परीक्षेत ॲनी माँडर यांनी बाजी मारली, आणि तीही अगदी छोट्या भिंगाने. त्या भिंगाचा व्यास दीड इंच आणि नाभीय अंतर नऊ इंच होते. इतरांजवळ याहून कितीतरी मोठ्या दुर्बिणी होत्या. तरीही किरीटातून दूरवर निघालेला, सुमारे एक कोटी किलोमीटर लांबीचा एक किरण त्यांच्या प्लेटीवर उमटला. असे का व्हावे? नऊला दीडने भागा. उत्तर येते सहा. हाच तो एफ-क्रमांक. किरीटासारख्या पसरट वस्तूची प्रतिमा किती तेजस्वी पडणार, हे भिंगाच्या आकारावर नव्हे, तर या भागाकारावर ठरते. भागाकार जितका लहान, तितकी प्रतिमा तेजस्वी. नऊ इंच नाभीय अंतराच्या भिंगाने सूर्याची प्रतिमा जेमतेम दोन मिलिमीटरची पडते, पण त्याच कारणाने प्रकाश थोड्या जागेत एकवटतो आणि किरीटाच्या कडेचा अंधूक भागही प्लेटीवर उमटतो. महागडा कॅमेरा नाही म्हणून हिरमुसून बसणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो.

आता दोन मिनिटांवरून दोन तासांवर येऊ. हल्ली शाळा-महाविद्यालयांत छायाचित्रणाच्या वेळबद्ध स्पर्धा होऊ लागल्या आहेत. विषय ऐनवेळी जाहीर होतो, ठरलेल्या वेळात छायाचित्र काढून आणायचे असते, आणि आधी काढलेले चित्र चालत नाही. आमच्या अंजनगाव सुर्जीत एका प्रजासत्ताकदिनी झेंडावंदनानंतर अशी स्पर्धा झाली. वेळ सकाळी ९ ते ११ आणि विषय होता ‘आधार’. परीक्षकांत मीही होतो. विषय ऐकताच निम्मी मुले सायकली काढून पानमळ्यांकडे पळाली. इथे ते साहजिकच आहे, कारण आमचे गाव पानवेलीसाठी आणि पानपिंपरीसाठी प्रसिद्ध, आणि वेल म्हटली की आधार आलाच.

पण पानमळ्यात छायाचित्र काढणे सोपे नाही. बाहेर लख्ख ऊन आणि आत दाट सावली. उन्हात एक-शंभरांश सेकंद पुरत असेल, तर अशा सावलीत त्याच्या सोळापट ते बत्तीसपट वेळ लागतो, म्हणजे सेकंदाचा सहावा किंवा तिसरा भाग. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही आणि वाऱ्याने पानेही हलतात. पुष्कळांची चित्रे त्यामुळे पुसट आली. मोबाईलचा कॅमेरा प्रकाश कमी पडला की आपली संवेदनक्षमता वाढवतो, आणि मग चित्रावर रवाळ ठिपके दिसू लागतात. एका मुलाने मात्र मोबाईल वेलीच्याच आधाराच्या खोडाला टेकवला, वारा पडण्याची वाट पाहिली आणि मग चित्र घेतले. खोडाला बिलगलेली वेल, मागे उन्हाची एकच तिरीप! विषयाचाही आधार आणि कॅमेऱ्यालाही आधार. पहिले बक्षीस त्यालाच मिळाले.

खरा पेच निराळाच होता. नववीतल्या एका मुलीने तिच्या काकांचा जुना डिजिटल कॅमेरा आणला होता. चित्र छान होते. हापशीला टेकून उभी असलेली एक आजी, पायाशी भरलेली घागर, मागे दूरवर शाळेचा फडकता झेंडा. पण चित्राबरोबर नोंदलेली तारीख आणि वेळ पाहिली, तर ती कित्येक वर्षांपूर्वीची निघाली. कॅमेऱ्यातील छोटी विद्युतघटी संपली, की त्याचे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मुलीचे म्हणणे हेच होते. एक परीक्षक म्हणाले, “नियम तो नियम, चित्र बाद करा.” मुलगी काही बोलली नाही, पण तिचा चेहरा पाहवेना. बाद करणे म्हणजे ती खोटे बोलते आहे असे चारचौघांत म्हणण्यासारखेच होते. मी म्हटले, कॅमेऱ्याचे घड्याळ बिघडले असेल, पण चित्रात दुसरे एक घड्याळ आहे, ते बिघडत नाही.

ते घड्याळ म्हणजे हापशीची सावली. तिचे टोक दोन शहाबादी फरश्यांच्या फटीवर नेमके पडलेले चित्रात दिसत होते. आम्ही टेप घेऊन तिथे गेलो. हापशीची उंची १२२ सेंटिमीटर भरली आणि बुंध्यापासून त्या फटीपर्यंतचे अंतर १५५ सेंटिमीटर. १२२ भागिले १५५ म्हणजे ०.७९, आणि ज्या कोनाचा टॅन्जंट ०.७९ येतो तो कोन सुमारे ३८ अंशांचा. म्हणजे चित्र काढले तेव्हा सूर्य क्षितिजापासून ३८ अंश वर होता.

आता सूर्य ३८ अंशांवर केव्हा येतो? अंजनगावचे रेखांश सुमारे ७७.३ अंश पूर्व. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांची. फरक ५.२ अंशांचा, आणि दर अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने आपली मध्यान्ह २१ मिनिटे उशिरा होते. जानेवारीच्या अखेरीस सूर्य स्वतःच घड्याळाच्या १२ मिनिटे मागे असतो. म्हणून २६ जानेवारीला आमच्याकडे सूर्य माथ्यावरच्या रेषेत येतो तो सुमारे १२ वाजून ३३ मिनिटांनी. त्याआधी सव्वादोन तास, म्हणजे १० वाजून १९ मिनिटांच्या सुमारास, त्याची उंची ३८ अंश असते. गणित पटले नाही म्हणणाऱ्यांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हापशीपाशीच जाऊन उभे राहिलो. सावलीने फट गाठली तेव्हा १० वाजून १८ मिनिटे झाली होती. एका दिवसाने मिनिटभराचा फरक पडायचाच.

तुम्ही म्हणाल, एवढी नेमकी वेळ सावली सांगू शकते का? नाही सांगू शकत. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून सावलीची कड पुसट असते. दोन मीटरवर पडलेल्या या सावलीत तीनएक सेंटिमीटरची अनिश्चितता होती, म्हणजे वेळेत चारएक मिनिटे इकडेतिकडे. आमच्या कामाला तेवढे पुरेसे होते.

पण मघाचे परीक्षक खमके होते, आणि त्यांचा पुढचा प्रश्न योग्यच होता. “सावली तास सांगते, दिवस कुठे सांगते? चित्र काल सव्वादहाला काढले नसेल कशावरून?” खरे आहे. सूर्याची क्रांती एका दिवसात पाव अंशाने बदलते, आणि आमच्या टेपला तो फरक कळणे शक्य नव्हते. १७ नोव्हेंबरच्या सुमारासही सूर्य आकाशात याच वाटेने जातो.

इथे मागचा झेंडा उपयोगी पडला. शाळेवर तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लागतो. मे आणि ऑगस्टमध्येही सकाळी सूर्य ३८ अंशांवर येतोच, पण तेव्हा तो जवळजवळ थेट पूर्वेला असतो आणि सावली सरळ पश्चिमेला पडते. चित्रातली सावली होती वायव्येकडे. तेव्हा दिवस २६ जानेवारीच. मग मागच्या वर्षीची २६ जानेवारी का नसावी? याचे उत्तर खगोलशास्त्राने नव्हे, तर गवंड्याने दिले. हापशीभोवतीच्या फरश्या त्याच दिवाळीनंतर बसवल्या होत्या!

चित्र स्पर्धेत राहिले आणि तिसरे आले. खमक्या परीक्षकांनीच त्याला सर्वांत जास्त गुण दिले होते, हे मला गुणपत्रिका पाहिल्यावर कळले.

तुमच्या गावातही हा प्रयोग होण्यासारखा आहे. एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करा आणि दर अर्ध्या तासाने सावलीचे टोक खडूने नोंदवा. अंजनगावला २६ जानेवारीला सकाळी ८ वाजता ही सावली सुमारे ४.७ मीटर, ९ वाजता २.२ मीटर, १० वाजता १.४ मीटर आणि ११ वाजता १.०४ मीटर भरते. पहिल्या तासात ती अडीच मीटरने आखडते आणि शेवटच्या तासात चाळीस सेंटिमीटरनेसुद्धा नाही, ते का, याचा विचार करा. आणि २६ मेच्या सुमारास दुपारी सव्वाबाराच्या आधीपासून काठीजवळ बसून राहा. थोड्या वेळाने सावली काठीच्या बुडाशी जाऊन नाहीशी होईल. ते छायाचित्र काढायला मात्र फार वेळ मिळत नाही.