नाताळची मनाई आणि नाताळचा बाजार

इंग्लंडात विल्टशर परगण्यात जन्मलेल्या आणि १५७९ साली गोव्यात येऊन पोहोचलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्र्याने ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत गुंफली, आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टी प्रांती रायतूर येथे छापले गेले, हे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस ठाऊक असते. परंतु पुढे अवघ्या एकतीस वर्षांनी, १६४७ च्या जून महिन्यात, त्याच्या मायदेशाच्या पार्लमेंटाने नाताळचा सण कायद्यानेच रद्द करून टाकला, ही हकीकत त्या गोष्टीच्या शेजारी मांडून सहसा कोणी पाहत नाही.

हा कायदा करणारे नास्तिक नव्हते. ते प्युरिटन पंथाचे कडवे श्रद्धाळू होते. ख्रिस्तजन्माची तिथी बायबलात कोठेही नमूद नाही, परमेश्वराने विश्रांतीसाठी मुक्रर केलेला दिवस तो रविवार, आणि नाताळच्या नावाखाली जे चालते ते मद्यपान, जुगार व रोमन पंथाची जुनी वहिवाट, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याआधी १६४४ मध्ये २५ डिसेंबर नेमका मासिक उपवासाच्या बुधवारी आला, तेव्हा उपवासच पाळावा असे पार्लमेंटाने फर्मावले होते. १६४७ च्या नाताळात कँटरबरीच्या नगराध्यक्षाने दुकाने उघडी ठेवण्याचा हुकूम सोडला, तेव्हा लोकांनी दंगा करून ती बंद पाडली. सणाच्या दिवशी बाजार चालू राहावा हा धर्मनिष्ठांचा आग्रह आणि तो बंद व्हावा हा मौजेसाठी आसुसलेल्या रयतेचा, अशी ही वाटणी होती. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला व तो १६८१ पर्यंत कायम ठेवला. स्कॉटलंडात तर या दिवसाला सार्वजनिक सुट्टी मिळण्यास १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा बाजाराने एका शुद्ध, पुरातन सणाला अलीकडे भ्रष्ट केले, ही आपल्या कानांवर वारंवार पडणारी तक्रार इतिहासाच्या दफ्तरात फारशी टिकत नाही.

तिथीविषयी प्युरिटनांचे म्हणणे खरेच होते. रोममध्ये २५ डिसेंबरचा उल्लेख ३५४ सालच्या एका संकलनात सापडतो. तो सूर्योत्सवावरून आला की २५ मार्चपासून मोजलेल्या नऊ महिन्यांवरून, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही, कारण ख्रिस्ती धर्म या सणात जे पाहतो ते तिथीवर अवलंबून नाही. ईश्वर स्वतः मनुष्यदेह धारण करून आला, आणि ३२५ सालच्या निकाया परिषदेने निक्षून सांगितल्याप्रमाणे तो पित्याशी एकतत्त्व होता, हा त्या सणाचा गाभा होय. अवतारकल्पनेशी परिचित असलेल्या आपल्या मनास ही गोष्ट सोपी वाटते, आणि म्हणूनच तिच्यातील वेगळेपण निसटते. हे आगमन युगायुगांतून पुनःपुन्हा घडणारे नव्हे. ते एकदाच, ऑगस्टस सम्राटाच्या खानेसुमारीच्या धामधुमीत, उतारशाळेत जागा न मिळालेल्या जोडप्याच्या पोटी घडले, असे शुभवर्तमानकार लूक सांगतो. बाळ गव्हाणीत निजविले गेले, पहिली वार्ता मेंढपाळांस मिळाली, आणि पुढे मंदिरात अर्पण करावयास कोकरू न परवडणाऱ्यांना पारव्यांच्या जोडीची जी मुभा नियमशास्त्रात होती, तिचाच आधार आईबापांनी घेतला. दारिद्र्य हा या कथेतील अलंकार नव्हे. तो तिचा आशय आहे.

आजचा लौकिक नाताळ मात्र बव्हंशी एकोणिसाव्या शतकाची निर्मिती आहे. भेटवस्तू घेऊन रात्री येणारा, घसरगाडीतला संत निकोलस १८२३ साली न्यूयॉर्क प्रांतातील एका वृत्तपत्रात निनावी छापलेल्या कवितेने घरोघर पोहोचविला. १८४३ मध्ये डिकन्सची सुप्रसिद्ध ख्रिसमस-कथा आणि हेन्री कोलने काढविलेले पहिले छापील शुभेच्छापत्र, दोन्ही अवतरली. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे नाताळवृक्षासभोवतालचे चित्र प्रसिद्ध झाले. कोलच्या पत्रावर मध्यभागी मद्याचे पेले उंचावणारे कुटुंब होते, दोन्ही बाजूंस गरिबांना अन्नवस्त्र देणारी माणसे होती, आणि गव्हाणी कोठेच नव्हती. तरीही मला या गृहस्थी नाताळचा तिटकारा येत नाही, कारण त्या बाजूच्या चित्रांतील दयाबुद्धी अखेर त्याच गव्हाणीच्या कथेवर पोसलेली आहे; मालक विसरला तरी वारसा चालू राहतो.

खरा विरोध मला काळाच्या क्रमात दिसतो. चर्चच्या पंचांगात नाताळपूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे. त्या दिवसांत वेदीवर जांभळा रंग असतो, आणि पौर्वात्य परंपरेत तर चाळीस दिवस उपवास असतो. आनंद पंचवीस तारखेला सुरू होतो आणि पुढे चालतो. बाजाराने हा क्रम उलटा केला: गाणी, रोषणाई व मेजवान्या नोव्हेंबरपासूनच सुरू, आणि ज्या दिवशी चर्चचा सण आरंभ पावतो त्याच सायंकाळी दुकानाचा सण आटोपतो. दुसऱ्या दिवशी चर्च दगडमाराने मेलेल्या पहिल्या हुतात्म्याचे, संत स्टीफनचे, स्मरण करते, आणि अठ्ठावीस तारखेला हेरोदाने मारविलेल्या बालकांचे. पाळण्याला इतके निकट रक्त ठेवणारे हे पंचांग कोणत्या दुकानाच्या खिडकीत मांडता येईल? गोव्यात तर सहा जानेवारीला, शहरी बाजारातल्या सजावटी उतरून गेल्यावर, रेइश मागुश, चांदर आणि कासावली येथे ख्रिस्तबाळाच्या भेटीस आलेल्या तीन राजांची फेस्त भरते, आणि राजवेष केलेली तीन मुले तेव्हा कोठे वाजतगाजत चर्चकडे निघतात.