कवठ्यावरून जाणारी रेघ

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून सोलापूरच्या होटगी विमानतळापर्यंत नकाशावर पट्टीने सरळ रेघ ओढली, तर ती जवळजवळ कवठे महांकाळच्या डोक्यावरून जाते. या रेघेची लांबी सुमारे 205 किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या हिशेबाने 110 सागरी मैल भरते. ताशी 500 किलोमीटर वेगाने उडणाऱ्या पंख्याच्या विमानाला एवढे अंतर 25 मिनिटांचे. चढणे, उतरणे आणि धावपट्टीवरील संथ चाल धरली तरी पाऊण तास पुरे. 2025 च्या जूनमध्ये होटगीहून गोव्याला विमान जाऊ लागल्यापासून असली गणिते मांडण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु ज्या गावावरून ही रेघ जाते, त्या गावच्या प्रवाशाचे घड्याळ काय सांगते, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते.

समजा, असे विमान सुरू झाले आणि कवठ्याच्या एखाद्या द्राक्षबागाईतदाराने त्याने सोलापूर गाठावयाचे ठरविले. प्रथम त्याने सोलापूरकडे पाठ करून मिरजमार्गे उजळाईवाडीस जावे. त्यात दोन तास गेले. विमान सुटण्यापूर्वी निदान एक तास तेथे हजर राहावे. मग पाऊण तास आकाशात काढून आणि खिडकीतून स्वतःचीच बाग पाहून त्याने होटगीस उतरावे! शहरात पोहोचेपर्यंत चार तास सहज उलटतात. तोच गृहस्थ रत्नागिरी-नागपूर महामार्गाने मोटारीतून निघाला असता, तर एव्हाना त्याचे सोलापुरातील काम अर्धे उरकले असते.

विमान निरुपयोगी आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुंबई किंवा बंगळूर गाठावयाचे असेल, तेथे रस्त्यावरचा अख्खा दिवस वा रात्र वाचते आणि तेथे त्याचे मोल खरे आहे. केंद्र सरकारने 2016 साली आखलेल्या ‘उडान’ योजनेत ठरावीक आसनांच्या भाड्यास मर्यादा घालून विमान कंपनीची तूट अनुदानाने भरून देण्याची तरतूद झाली. हा पैसा सार्वजनिक असल्याने तो कोणत्या मार्गावर खर्चावा, हे दोन धावपट्ट्यांमधील मिनिटांवरून ठरविता कामा नये. प्रवासी धावपट्टीवर राहत नाही. तो कवठ्यात, जतेत, आटपाडीत राहतो. त्याच्या उंबरठ्यापासून मुक्कामापर्यंतचा वेळ मोजला पाहिजे.

सांगलीकरांना कवलापूरच्या माळावर स्वतःचा विमानतळ हवा आहे. तो झाल्यास आम्हांला आनंदच आहे. पण तोवर हाती आहे त्याचा उपयोग का करू नये? कवठ्याच्या वाटेने पंढरपूर-मिरज लोहमार्ग 1927 सालीच आला. बार्शी लाइट रेल्वेची ती अरुंद गाडी किती सावकाश चाले, याच्या गमती वृद्ध मंडळी अजून सांगतात. आता तो मार्ग रुंद झाला आहे आणि मिरजेहून कोल्हापूरलाही लोहमार्गच आहे. उणीव आहे ती वेळा जुळविण्याची. मुंबईच्या विमानाची वेळ पाहून मिरज स्थानकावरून उजळाईवाडीस थेट एस. टी. सोडावी आणि उतरणाऱ्या प्रवाशांसाठी तीच गाडी परत आणावी. यास नवी धावपट्टी लागत नाही. एस. टी. महामंडळाने आणि विमानतळाच्या अधिकाऱ्यांनी दोन वेळापत्रके एका टेबलावर मांडून हा प्रयोग निदान येत्या द्राक्षहंगामापुरता तरी करून पाहावा, अशी आमची मागणी आहे.