ओट्यावरचं फडकं, घरीच शिवलेलं

टॉवेल विरतो तो मधोमध. कडेचा भाग बहुधा धडधाकट असतो. ओटा पुसायच्या फडक्यांना नेमका तोच कामाचा.

सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. टेरीची खरी करामत तिच्या विणीतल्या फासांत. त्यांनी कापडाचा पृष्ठभाग वाढतो आणि उतू गेलेलं दूध चटकन टिपलं जातं. 75 बाय 150 सेंटिमीटरच्या टॉवेलातून 30 सेंटिमीटरचे दहा चौकोन निघतात. विरलेले पोतेऱ्याला काढावेत. चांगल्यांना जुन्या सुती साडीचं अस्तर लावायचं: दोन्ही सुलट बाजू आत ठेवून कडेने टीप मारायची, चार बोटं जागा सोडायची, तिथून फडकं उलटायचं आणि पुन्हा चौफेर टीप. कापलेल्या टेरीचे धागे घरभर होतात (चहातही सापडतात!), म्हणून कडांना आधी झिगझॅग. सुई 16 नंबरची. कोपऱ्यात नाडीचा फास हवाच. ओलं फडकं चुरगाळून ठेवलं की कुबट वास येतो.

पॉलिएस्टरची साडी नको, ती पाणी नुसतं पसरवते. नव्या कापडाची खळ आधी धुऊन काढावी. आणि फडकी धुताना फॅब्रिक कंडिशनर अजिबात घालू नये. त्याचा थर बसला की कापड पाणी कमी शोषतं.