मैदानावरच्या मुलांचे संरक्षण

खेळाच्या प्रशिक्षणात मुलाचे शरीर, त्याचा दिवस आणि त्याचे पुढचे आयुष्य या तिन्हींवर बहुधा एकाच माणसाची सत्ता चालते. पहाटे किती वाजता यायचे, काय खायचे, वजन किती ठेवायचे हे प्रशिक्षक ठरवतो. पवित्रा किंवा पकड सुधारताना तो अंगाला हात लावतो, आणि तो लावावाच लागतो. संघात कोण जाणार, हेही पुष्कळदा तोच सांगतो. शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाकडे एवढा अधिकार नसतो. बहुसंख्य प्रशिक्षक तो जीव ओतून आणि सचोटीने वापरतात. पण मुलाची सुरक्षितता सरांच्या सज्जनपणावरच सोपवून ठेवली, तर सर सज्जन नसतील त्या दिवशी मुलापाशी काहीच उरत नाही.

नागपुरात मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुल, रेशीमबाग किंवा रविनगरचे विद्यापीठ मैदान सकाळ-संध्याकाळ मुलांनी भरलेले असते. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत गेल्यास दहावी-बारावीला ग्रेस गुण मिळतात आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीचे 5 टक्के आरक्षण असते. बेताच्या कमाईच्या घरात या प्रमाणपत्राची किंमत फार मोठी आहे, म्हणून ‘सर म्हणतील तसं’ हे पालकांचे धोरण होऊन बसते. मूल गुणी असेल तर ते घरापासून दूरही जाते. नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजी शिकण्यासाठी साताऱ्याला गेला आणि 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेता झाला. अशी यशोगाथा पाहून आणखी कितीतरी घरे आपली मुले वसतिगृहात पाठवतात. त्या वसतिगृहात रात्री कोण असते, हे विचारणारे पालक कमी असतात.

अत्याचार म्हणजे केवळ लैंगिक अत्याचार नव्हे. मारहाण, चारचौघांत केलेला अपमान, वजन उतरवण्यासाठी उपाशी ठेवणे, दुखापत असताना खेळवणे हेही त्यातच येते. ‘छडी लागल्याशिवाय खेळाडू घडत नाही’ ही समजूत मराठी घरांतही पक्की आहे. जपानमध्ये ती आणखी घट्ट होती. तिथे 2012 साली ओसाकातील एका शाळेच्या बास्केटबॉल कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली, आणि शिस्तीच्या नावाखालची मारहाण हा देशभर चर्चेचा विषय झाला. मारहाणीचा आणखी एक परिणाम कमी बोलला जातो. आपल्या शरीरावर सरांचा हक्क आहे हे मूल तिच्यातून शिकते, आणि पुढच्या स्पर्शाला नकार देण्याचे बळ तिथेच गमावते.

लैंगिक अत्याचाराची सुरुवात क्वचितच जबरदस्तीने होते. आधी एकट्यासाठी जादा सराव, मग फुकट बूट, गाडीवरून घरी सोडणे, रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी. ‘तुझ्या घरच्यांना खेळातलं काय कळतं’ हे वाक्य मधेच कधीतरी येते आणि मूल घरापासून तुटू लागते. त्यानंतर मसाज, नाहीतर दुखापत तपासणे. मूल गप्प बसते, कारण तोवर सरांचे उपकार त्याच्या डोक्यावर चढलेले असतात. मुलगेही याला बळी पडतात, आणि त्यांच्याबाबत घरच्यांना संशयदेखील येत नाही. अत्याचार करणारा दर वेळी प्रशिक्षकच असतो असेही नाही. वरच्या वयोगटातले खेळाडू, फिजिओ, संघटनेचे पदाधिकारी यांचीही नावे अशा प्रकरणांत येतात.

नागपूरकरांना हे दूरचे वाटू नये. जानेवारी 2025 मध्ये हुडकेश्वर पोलिसांनी एका मानसोपचार समुपदेशकाला अटक केली. तो व्यक्तिमत्त्व विकासाचे निवासी कार्यक्रम चालवत असे आणि विद्यार्थिनींना शिबिरांना, सहलींना नेत असे. पंधराएक वर्षांत पन्नासच्या आसपास विद्यार्थिनींचे शोषण झाल्याचा आरोप तेव्हा पुढे आला. अनेकींची लग्ने झाल्याने त्या तक्रारीला कचरत होत्या. प्रकरण खेळाचे नव्हते, पण सांगाडा तोच होता: भवितव्य घडवण्याचे आश्वासन, घराबाहेरचा मुक्काम आणि एकाच माणसावरचा आंधळा विश्वास.

पालक हजर असले म्हणजे धोका टळतो, असेही नाही. अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर काही वेळा आई किंवा वडील त्याच खोलीत असताना उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार करत होता. जानेवारी 2018 मध्ये त्याला 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली. मुलींनी त्याच्याविषयी मोठ्यांना अनेक वर्षांपूर्वीच सांगितले होते. आपल्याकडे हरियाणात 1990 साली 14 वर्षांच्या टेनिसपटूचा विनयभंग झाला तेव्हा आरोपी पोलीस अधिकारी राज्य लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता. गुन्हा नोंदवायला 9 वर्षे लागली, शिक्षा 2009 मध्ये झाली, आणि ती मुलगी 1993 मध्येच आत्महत्या करून गेली होती. भारतीय खेल प्राधिकरणाकडे दहा वर्षांत लैंगिक छळाच्या 45 तक्रारी आल्याचे 2020 मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आले. त्यांतल्या 29 प्रशिक्षकांविरुद्ध होत्या.

कायदा आज बऱ्यापैकी भक्कम आहे. बाललैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायदा नोव्हेंबर 2012 पासून लागू असून 18 वर्षांखालील प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो संरक्षण देतो. त्याचा एक महत्त्वाचा अर्थ नागपूरच्याच खटल्यातून पक्का झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 रोजी तो फिरवला आणि महत्त्व लैंगिक हेतूला आहे, त्वचेला त्वचा लागण्याला नाही, असे स्पष्ट केले. स्पर्श हा ज्या क्षेत्रात शिकवण्याचाच भाग आहे, तिथे हा निकाल प्रत्येक प्रशिक्षकाने वाचायला हवा.

पॉक्सोचे 2020 चे नियम तर क्रीडा अकादमींचा नाव घेऊन उल्लेख करतात. मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, तो कायम असो वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी झालीच पाहिजे. मैदानाची वेळ भाड्याने घेऊन चालणाऱ्या छोट्या अकादम्याही यातून सुटत नाहीत. तरीही फी भरताना चारित्र्य पडताळणीचा कागद मागणारा पालक विरळाच, आणि नेमकी हीच मोठी फट आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात स्टेडियम आणि क्रीडा संकुलेही येतात. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या अकादमीविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद केली आहे.

मात्र कायदा गुन्हा घडल्यावर येतो. गुन्हा घडू नये म्हणून लागतात त्या साध्या, रोजच्या सवयी. सर्वांत नाजूक जागा प्रवासाची आहे. राज्य स्पर्धेसाठी नागपूरचा संघ रात्रीच्या गाडीने पुण्याला निघतो तेव्हा बरोबर एखादाच मोठा माणूस असतो. मुक्काम बाहेरगावच्या हॉलमध्ये, आंघोळीची सोय कुठेतरी मागे. अशा वेळी किमान दोन मोठी माणसे हवीत आणि मुली असतील तर त्यांतली एक स्त्री हवी. 2022 मध्ये परदेशी सराव शिबिरातल्या सायकलपटूच्या तक्रारीनंतर खेल प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या पथकात महिला प्रशिक्षक सक्तीची केली. तीच पद्धत जिल्हा पातळीवर का नसावी? मोठ्यांनी मुलांच्या खोलीत झोपू नये. मसाज बंद दाराआड होऊ नये. निरोप पालक असलेल्या ग्रुपवरच जावेत. निवड एकट्या प्रशिक्षकाच्या हाती नसावी, आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती त्याच्या हाताखालची नसावी. शेवटच्या दोन गोष्टी जमल्या तर बाकीच्यांना बळ येते, कारण बोलल्याने सिलेक्शन जाईल ही भीतीच मुलाचे तोंड बंद ठेवते.

मूल बोललेच, तर त्याची उलटतपासणी करू नये आणि ज्याच्याविषयी ते बोलले त्याला समोर बोलावून ‘खरं-खोटं’ करू नये. संघटनेच्या बैठकीत प्रकरण मिटवणे हा तर गुन्हाच आहे. पॉक्सोच्या कलम 19 नुसार माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत. सद्हेतूने तक्रार करणाऱ्यावर मात्र कोणतीही कारवाई होत नाही. मुलाला पोलीस ठाण्यात यावे लागत नाही. जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाविना घ्यायचा असतो. मुलाची ओळख उघड करता येत नाही. 1098 हा बालमदत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तो मूल स्वतःही फिरवू शकते. प्रत्येक अकादमीच्या फलकावर सरावाच्या वेळापत्रकाशेजारी तो मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि नसेल तर पालकांनी उद्याच तो लिहायला सांगावा.