चव्वेचाळीस दातांचं स्प्रॉकेट

सायकलला इंजिन बसवायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, किती सीसीचं? मला तो प्रश्न दुसरा वाटतो. मागच्या चाकावरच्या स्प्रॉकेटला दात किती, हा पहिला.

अमेरिकेतले हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये सायकलवर चढवतात ते चिनी टू-स्ट्रोक किट घ्या. जाहिरातीत बऱ्याचदा ८० सीसी म्हटलेलं असतं. पण सिलिंडरचा व्यास ४७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ३८, म्हणजे हिशेबाने ६६ सीसीच भरतात. एवढ्याशा जिवाला ताकद येते ती भराभर फिरण्यातून. ते थेट चाकाला जोडलं तर जागीच बंद पडेल. म्हणून फेरे घटवायचे आणि जोर वाढवायचा. इंजिनाच्या पोटात २० दातांचा गिअर ८२ दातांच्या गिअरला फिरवतो. बाहेर १० दातांचं छोटं स्प्रॉकेट, मागे ४४ दातांचं. इंजिनाचे अठरा फेरे झाले की चाकाचा एक होतो.

मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर २६ इंची चाकाची सायकल ताशी ३४ किलोमीटरने पळते. मागे ३६ दातांचं स्प्रॉकेट लावलं, तर तेवढ्याच फेऱ्यांत ४२ने. हा आकडा पाहून पुष्कळ जण भुलतात. चाकावरचा जोर मात्र १८ टक्क्यांनी उतरलेला असतो, आणि हे कळतं ते पहिल्याच चढावर, पायडल मारताना. गिअर एकच, त्यामुळे बदलायची सोय नाही. सपाट गावात ३६ चालेल. चढउताराच्या रस्त्याला ४४च बरं.

हे मोठं स्प्रॉकेट चाकाच्या तारांवर, दोन्ही बाजूंनी रबराच्या चकत्या देऊन नऊ बोल्टांनी आवळतात. खरी परीक्षा इथे असते. ते केसभर जरी एका अंगाला गेलं, तरी चाक हाताने फिरवताना चेन घटकेत ताठ, घटकेत सैल होते. तशीच सायकल पळवली तर चेन उतरून तारांत अडकते आणि चाक जाम होतं. अर्धा तास जाऊ द्या, पण आऊट काढल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

घाटासाठी आणखी एक उपाय आहे. इंजिनाचा जोर मधल्या एका शाफ्टवरून पायडलच्या चेनला द्यायचा, म्हणजे सायकलचे स्वतःचे गिअर इंजिनाला वापरता येतात. मला हीच रचना सर्वांत शहाणपणाची वाटते. मात्र माणसाच्या पायांसाठी केलेली चेन त्यात लवकर झिजते.

फ्रान्समध्ये १९४६ साली बाजारात आलेल्या वेलोसोलेक्सने दातांचा प्रश्नच मिटवला होता. इंजिन पुढच्या चाकावर, आणि त्याचा रोलर थेट टायरवर टेकलेला. लिव्हरने इंजिन उचललं की साधी सायकल. पावसात रोलर घसरे, तरी ही गाडी लाखांनी खपली. आपल्याकडे इंजिन आणि पायडल एकत्र घराघरांत नेलं ते १९७२ साली आलेल्या कायनेटिकच्या लूनाने.

किट मागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. भारतात २५ सीसीपेक्षा मोठं इंजिन बसवलेली सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते. तेव्हा दात मोजायला बसण्याआधी आरटीओत चौकशी करून या.