समजून घ्या : क्रम आवडीचा, लांबी सुरक्षेची, इंजिनीअरिंगच्या ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजांची यादी कशी करावी?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की वर्धा जिल्ह्यातील अनेक घरांत एकच प्रश्न सुरू होतो, ‘एवढ्या पर्सेंटाइलला कोणतं कॉलेज मिळेल?’ शेजारच्या दादाला विचारलं जातं, व्हॉट्सअॅपवर आलेला कटऑफचा तक्ता पाहिला जातो आणि शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत बसून घाईघाईने पंधरा-वीस नावं टाकली जातात. खरं तर पुढची चार वर्षं कुठे जाणार आणि घराच्या खिशावर किती भार पडणार, हे याच यादीवर ठरतं. गुण आता बदलता येत नाहीत, यादी मात्र अजून हातात असते.

यादी म्हणजे नेमकं काय?

राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, विद्यार्थ्याला ऑप्शन फॉर्म भरावा लागतो. एका कॉलेजची एक शाखा म्हणजे एक पर्याय आणि प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र चॉइस कोड. एका अर्जात ३०० पर्यंत पर्याय देता येतात. अर्ज भरून शेवटी ‘कन्फर्म’ केला नाही, तर तो विचारात घेतला जात नाही.

संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली येतो. पहिल्या ओळीत जागा शिल्लक नसेल तर दुसरी ओळ, तीही भरली असेल तर तिसरी. जिथे जागा सापडली तिथे तो थांबतो.

या पद्धतीमुळे दोन समज आपोआप गळून पडतात. ‘खाली साधी कॉलेजं टाकली तर तीच गळ्यात पडतात’ हा पहिला. वरच्या ओळीत जागा मिळत असेल, तर संगणक खालच्या ओळीपर्यंत पोहोचतच नाही. दुसरा समज असा, ‘अमुक कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं नाही तर ते देत नाहीत.’ त्या जागेसाठी दोन विद्यार्थी असतील, तर गुणवत्तेत पुढे असलेल्याला ती मिळते. ते कॉलेज त्याने कितव्या ओळीत लिहिलं होतं, याला महत्त्व नसतं.

म्हणून नियम सोपा आहे. क्रम आवडीचा ठेवायचा, लांबी सुरक्षेची ठेवायची. जिथे खरोखर जायचं आहे ते वर. आणि यादी इतकी लांब हवी, की वरचं काहीच मिळालं नाही तरी हातात एक जागा राहील.

तीन गटांत विभागणी

यादी करण्याआधी कागदावर तीन रकाने आखावेत. समजा, हिंगणघाटच्या एका विद्यार्थिनीला ८२ पर्सेंटाइल आहेत. गेल्या वर्षी ज्या पर्यायांचा कटऑफ ८६ ते ९२ होता, ते ‘वरचे’. ७८ ते ८५ मधले ‘जवळचे’. ७४ च्या खालचे ‘हातचे’. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या प्रवर्गाचा कटऑफ पाहून आपले रकाने भरावेत.

तिन्ही रकान्यांत पुरेशी नावं आली, तर यादी समतोल. अडचण बहुतेक वेळा दोन टोकांना होते. काही जण पुण्या-मुंबईची सात-आठ मोठी नावं टाकून थांबतात आणि फेरीत काहीच हाती लागत नाही. काही जण भीतीपोटी वरचा रकाना रिकामाच ठेवतात. मग मिळू शकणारी जागा मागितलीच नाही म्हणून जाते.

‘हातच्या’ रकान्यासाठी एक कसोटी आहे. उद्या हीच जागा मिळाली, तर प्रवेश घेणार का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो पर्याय सुरक्षित नाही, नुसती भर आहे.

रकाने फक्त विचारासाठी असतात. अर्जातला क्रम रकान्यांप्रमाणे लावण्याची गरज नाही. वर्ध्यातच राहून शिकायचं असेल, तर पिपरीचं बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी किंवा सेवाग्रामचं बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय हे जास्त कटऑफ असलेल्या पुण्याच्या कॉलेजच्याही वर लिहिता येतं. कटऑफ जास्त म्हणून कॉलेज वर टाकणं ही नेहमीची चूक आहे. कटऑफ मागणी सांगतो, आपली गरज सांगत नाही.

कटऑफचा तक्ता कसा वाचावा?

तक्त्यात ‘जीओपनएच’, ‘एलओपनओ’, ‘जीओपनएस’ असे संकेत दिसतात. सुरुवातीचा ‘जी’ सर्वसाधारण जागेचा, ‘एल’ मुलींसाठी राखीव जागेचा. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतं. ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठीच्या जागा, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्यांसाठीच्या आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. स्वायत्त कॉलेजांच्या तक्त्यात बहुतेक ‘एस’ आढळतो. ज्या कॉलेजांना गृह विद्यापीठाचा नियम लागू आहे, तिथे साधारण ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या आणि ३० टक्के बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. मेडिकलमधला ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाला. त्याची आणि याची गल्लत करू नये.

वर्धा, नागपूर, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. पण गृह विद्यापीठ घराच्या पत्त्यावर ठरत नाही. बारावी जिथून उत्तीर्ण झाली, त्या ठिकाणावर ते ठरतं. आर्वीच्या मुलाने अमरावतीत बारावी केली, तर त्याचं गृह विद्यापीठ संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. लातूरला जाऊन बारावी केलेल्या वर्धेकर मुलीसाठी ते नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. अशा विद्यार्थ्यांनी नागपूर भागातल्या कॉलेजसाठी ‘एच’चा नव्हे, ‘ओ’चा आकडा पाहायला हवा. दोन्हींत मोठा फरक असू शकतो.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, कटऑफ कोणत्या फेरीचा आहे ते पाहावं. पहिल्या आणि शेवटच्या फेरीचे आकडे वेगळे असतात. दोन, एकाच वर्षावर विसंबू नये, दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवावेत. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी प्रवेश क्षमतेची कमाल मर्यादा काढली. त्यामुळे विशेषतः कॉम्प्युटरच्या शाखांत जागांची संख्या बदलली की कटऑफही हलतो. तीन, पर्सेंटाइलसोबत राज्य गुणवत्ता क्रमांकही पाहावा. सीईटीला काही लाख विद्यार्थी बसतात, त्यामुळे एका पर्सेंटाइलच्या अंतरात काही हजार विद्यार्थी असतात.

चार फेऱ्या आणि सक्तीच्या ओळी

२०२५-२६ पासून कॅपच्या तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि वरच्या ओळींचं वजन वाढलं. त्या वर्षीच्या नियमांनुसार :

• पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, तर तो स्वीकारणं बंधनकारक.
• दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही मिळाला, तर बंधनकारक.
• तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला, तर बंधनकारक.
• चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम.

अशी जागा नाकारली, तर पुढच्या कॅप फेऱ्यांचं दार बंद होतं. म्हणून ‘बघू तरी मिळतं का’ म्हणून पहिल्या ओळीत टाकलेलं नाव महागात पडू शकतं. दुसऱ्या फेरीआधी पहिली तीन नावं आणि तिसरीआधी पहिली सहा नावं घरच्यांसोबत बसून पुन्हा तपासावीत. मिळालं तर जाणार, असंच नाव तिथे असावं.

या मर्यादेबाहेरचा पर्याय मिळाला, तर ती जागा स्वीकारून ‘बेटरमेंट’ निवडता येतं. पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला, तर आधीची जागा आपोआप सुटते. नाही मिळाला, तर आधीची कायम राहते. समतोल यादीचा फायदा इथेच कळतो. हातात एक जागा ठेवून वरच्यासाठी थांबता येतं. नियमांत दरवर्षी बदल होऊ शकतो, त्यामुळे चालू वर्षाची माहिती पुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज कन्फर्म करू नये.

खर्चाचा रकाना विसरू नका

वर्धा ते नागपूर अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. वर्धा, सेवाग्राम, सिंदी रेल्वेकडून रेल्वेने अपडाउन करणारे विद्यार्थी नेहमीचे. पण अजनी किंवा नागपूर स्टेशनवर उतरून पुढे हिंगणा रोडवरच्या वानाडोंगरीपर्यंत पोहोचायला वेगळा वेळ आणि वेगळं भाडं लागतं. आर्वी, आष्टी, कारंजा भागातून रोजचं अपडाउन जवळपास अशक्य. तिथल्या कुटुंबासाठी नागपूर काय आणि अमरावती काय, खोलीभाडं आणि मेसचा खर्च आलाच. म्हणून प्रत्येक पर्यायासमोर शिकवणी शुल्क, राहणं-खाणं आणि प्रवास यांची वर्षाची बेरीज लिहावी. मग कोणतं ‘स्वस्त’ कॉलेज खरंच स्वस्त आहे, ते कळतं.

सवलतीही यादीवर परिणाम करतात. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ती नाही, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. काही कॉलेजं अलीकडे विद्यापीठं झाली आहेत. त्यामुळे नाव ओळखीचं असलं, तरी सवलत लागू आहे का, हे विचारून घ्यावं. फेरीत काहीच मिळालं नाही आणि नंतर व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घ्यावा लागला, तर जागेबरोबर सवलतही हातची जाते.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिकवणी शुल्कमाफी योजनेच्या जागा प्रवेश क्षमतेच्या पाच टक्के आणि अतिरिक्त असतात. उत्पन्नाची मर्यादा आठ लाखच. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी ‘टी’ असतो. तो स्वतंत्र ओळीत लिहिला नाही, तर विचार होत नाही. या जागांचा कटऑफ सहसा वर असतो, म्हणून त्याच कॉलेजच्या साध्या कोडच्या वर हा कोड लिहिणं शहाणपणाचं. नागपूरची व्हीएनआयटी मात्र या अर्जात नसते. तिथले प्रवेश जेईई मेनच्या आधारे जोसा प्रक्रियेतून होतात.

कन्फर्म करण्याआधी

• जात, जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस ही आपल्याला लागू असलेली प्रमाणपत्रं तयार आहेत का? ती नसतील तर खुल्या प्रवर्गाचा कटऑफ धरून ‘हातचा’ रकाना वाढवावा.
• गृह विद्यापीठ बरोबर धरलं आहे का?
• शाखा महत्त्वाची की कॉलेज, हे आधी ठरलं आहे का? न ठरवता दोन्हींची सरमिसळ केली, की क्रम बिघडतो.
• प्रत्येक चॉइस कोड कॉलेज आणि शाखेशी जुळवून पाहिला का?
• शेवटची पाच नावं अशी आहेत का, की तिथे जायला विद्यार्थी आणि पालक दोघंही तयार आहेत?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तिथेच घरात मतभेद होतात. वडिलांना मुलगी वर्ध्यात हवी असते, मुलीला पुणे दिसत असतं. ही चर्चा अर्ज भरण्याआधीच व्हायला हवी. जागा जाहीर झाल्यानंतर ‘इथे नाही जायचं’ म्हणण्याची मुभा प्रत्येक फेरीत कमी होत जाते.