वस्तरा : एक विस्मृत आनंद



या पानांवर आम्ही बहुधा सण, संस्कार आणि कुटुंबधर्म यांविषयी लिहितो. आजचा विषय त्या मानाने अगदीच साधा वाटेल. तो आहे दाढीचा. आणि तीही जुन्या, उघड्या पात्याच्या वस्तऱ्याने केलेल्या दाढीचा.

राऊ हे आमचे गाव इंदूर आणि महू यांच्या मधोमध वसलेले आहे. होळकरांच्या राजवटीपासून माळव्यात मराठी कुटुंबे नांदत आली. त्यांच्या जुन्या घरांतून भेटी देताना एखाद्या पेटीच्या तळाशी कैलासवासी आजोबांचा वस्तरा अजूनही दृष्टीस पडतो. पात्यावर इंग्लंडातील शेफील्डचे किंवा जर्मनीतील सोलिंगेनचे नाव कोरलेले असते. घरातील तरुण मंडळी त्याकडे भंगार म्हणून पाहतात. ही उपेक्षा आम्हांस योग्य वाटत नाही.

या पात्याची घडण पाहण्यासारखी असते. पाठ जाड, धार अतिशय बारीक आणि दोन्ही अंगे आतून खोलगट घासलेली. पोलाद कठीण, म्हणून धार दीर्घकाळ टिकते. परंतु ओल राहिली तर त्याच पोलादास गंज चढतो. अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली बदलत्या पात्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. दाढी सोपी झाली, घाईत उरकता येऊ लागली, आणि बोथट झालेले पाते फेकून देण्याची सवय जगाला लागली. वस्तरा मात्र फेकावयाचा नसतो, सांभाळावयाचा असतो. बापाचा वस्तरा मुलाच्या हाती येतो तो याच कारणाने.

त्याचा विधी पुढीलप्रमाणे. प्रथम चेहरा ऊन पाण्याने चांगला भिजवावा, म्हणजे केस मऊ होतात. ब्रशाने साबणाचा दाट फेस गालावर चढवावा. तत्पूर्वी कोरडा वस्तरा चामड्याच्या ताणलेल्या पट्ट्यावर वीस-तीस वेळा फिरवावा. पाठ पुढे व धार मागे ठेवावी, आणि वळविताना पाते पाठीवर उलटावे, अन्यथा पट्टाच कापला जातो. या घर्षणाने धारेची सूक्ष्म वाकलेली कड पुन्हा सरळ होते. मग डाव्या हाताने कातडी ताणून, पाते तिच्याशी सुमारे तीस अंशांच्या कोनात धरून, केसांच्या वाढीच्या दिशेने हलकेच उतरावे. दाब मुळीच देऊ नये. धार आपले काम स्वतः करते. शेवटी थंड पाणी, तुरटीचा खडा, आणि पाते पुसून कोरडे करून त्यावर तेलाचे एक बोट. काही महिन्यांनी धार मंदावली की बारीक दगडावर ती पुन्हा लावावी.

यात आनंद तो कोणता, असे कोणी विचारील. पहिला आनंद कानांचा. उत्तम धारेखाली केस कापले जाताना बारीक कुरकुर ऐकू येते, आणि तिच्यावरून हात बरोबर चालला आहे की नाही हे कळते. दुसरा स्पर्शाचा, कारण नीट केलेल्या दाढीचा गुळगुळीतपणा संध्याकाळपर्यंत जाणवतो. तिसरा सर्वांत मोठा. हातात वस्तरा असता मन दुसरीकडे भटकू शकत नाही. रात्रीचा राग किंवा सकाळची चिंता मनात घेऊन पाते गळ्याशी नेता येत नाही. आधी श्वास संथ करावा लागतो. पहाटेच्या मिस्सेपूर्वीची ही पंधरा मिनिटे आम्हांस प्रार्थनेच्या अंगणासारखी वाटतात.

अर्थात सावधगिरी हवी. नवशिक्याने प्रथम केवळ गालांवरच हात बसवावा. हनुवटी व गळा मागाहून. वस्तरा मुलांच्या हाती लागू देऊ नये. एकाचा वस्तरा दुसऱ्याने कधीही वापरू नये, कारण कावीळ ब आणि एचआयव्ही यांचे विषाणू रक्तावाटे पसरतात. म्हणूनच आज सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते घालतात. घातले नाही तर ते मागून घ्यावे.

वस्तरा दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकणे होय. हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या पेलणाऱ्या नाभिक बांधवांस समाजाने मात्र हलके लेखले. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र जमले आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. कोणत्या मस्तकावर धार धरू नये, हेही त्या हातांना ठाऊक होते. ख्रिस्तसभेनेही एका न्हाव्यास वेदीचा मान दिला आहे. पेरू देशातील लिमा शहरी १५७९ साली जन्मलेले संत मार्टिन डी पोरेस बालवयातच न्हाव्याचे काम शिकले. त्या काळी जखमा बांधणे हेही न्हाव्याचेच काम असे. पुढे डोमिनिकन मठात त्यांनी हेच कौशल्य बंधूंच्या व रोग्यांच्या सेवेस वाहिले. १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना संतपद दिले, आणि आज ते नाभिकांचे आश्रयदाते मानले जातात.

रोग्यांस पवित्र कम्युनियन देण्यास जाताना आम्हांस एक दृश्य वारंवार दिसते. अंथरुणाला खिळलेले वडील. औषध वेळेवर, जेवण वेळेवर, पण दाढी आठ-आठ दिवसांची वाढलेली. घरात यंत्र असते, साबण असतो. नसतात ती पंधरा मिनिटे. ज्यांनी आयुष्यभर रविवारी नीटनेटके होऊन देवळाची पायरी चढली, त्यांना आपली ही अवस्था बोचत असते, आणि ते ती बोलून दाखवीत नाहीत.

म्हणून आमची विनंती एवढीच. पेटीतील वस्तरा भंगारात देऊ नका. पुसून, तेल लावून ठेवा, जमल्यास शिका. आणि येत्या शनिवारी संध्याकाळी आपल्या वृद्ध पित्याच्या खाटेशी ऊन पाण्याची वाटी घेऊन बसा. तेथे साधे, सुरक्षित, नवे पातेच वापरा. मात्र वस्तऱ्याने शिकविलेला संथपणा सोबत घ्या. रविवारी त्यांच्या गालावरून हात फिरवाल तेव्हा हा आनंद कोणता, हे आम्ही सांगावयास नको.